दुपारचा हादरा, पहाटेचा भूकंप

कन्हानमध्ये जमीन हादरली म्हणून कोणी घराबाहेर पळत नाही. मांडणीवरची भांडी खणखणतात, टिनावरची धूळ खाली येते, आणि खाटेवर पडलेला माणूस कूसही न बदलता म्हणतो, "काही नाही, ब्लास्टिंग आहे." बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरेच असते. कामठी, इंदर, गोंडेगाव या कोळशाच्या उघड्या खदानी गावापासून लांब नाहीत. मॅंगनीजच्या खाणी थोड्या पुढे, मनसर-कांद्रीच्या बाजूला आहेत. इथे जन्मलेल्या मुलाला भोंगा, लाल झेंडी आणि त्यामागून येणारा दणका यांची सवय शाळेत जाण्याआधीच झालेली असते.

या सवयीविषयीच ही पुस्तिका आहे. सवय वाईट नाही. तिच्यामुळेच माणूस खदानीशेजारी झोपू शकतो. पण जमीन हलण्याची सगळी कारणे एकाच खात्यात टाकून मोकळे होण्याची जी सोय ती करून देते, तिचा हिशेब एकदा मांडायला हवा.

मे 2024 मध्ये तो मांडण्याची वेळ आली होती. 3, 4 आणि 5 मे, असे सलग तीन दिवस नागपूर जिल्ह्यात सौम्य धक्क्यांची नोंद झाली. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत त्यांची तीव्रता अडीचच्या आगेमागे होती. उमरेड, कुही, पारशिवनी ही नावे बातम्यांत आली आणि नागपुरातल्या माणसांनी एकमेकांना फोन करून विचारले, "तुमच्याकडे जाणवलं का?" कन्हानच्या चहाटपऱ्यांवर मात्र निकाल आधीच लागलेला होता. तिन्ही धक्के दुपारचे, तिन्ही लहान आणि नावे खदानींच्या तालुक्यांची. भूकंप कसला, ब्लास्टिंगच.

हा तर्क अडाणी नाही. भूकंपाला घड्याळ नसते, खदानीला असते. पाळी बदलण्याच्या सुमारास माणसे आणि यंत्रे बाजूला काढतात, पाचशे मीटरचा धोक्याचा पट्टा रिकामा करतात, भोंगा वाजतो आणि मग भोके उडवतात. म्हणून लहान धक्के ठरावीक वेळीच येऊ लागले, तर जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ पहिला संशय खाणीवरच घेतात. दुसरी खूण भूकंपमापकाच्या रेघेत असते. स्फोट चहूबाजूंना बाहेर ढकलतो, त्यामुळे सगळ्या केंद्रांवर लाटेची पहिली हालचाल एकाच दिशेची, वर उचलणारी दिसते. खडकाची भेग सरकली तर काही केंद्रांवर जमीन आधी वर जाते, काहींवर आधी खाली. पण ही खूण वाचायची तर जवळपास पुरेशी केंद्रे हवीत. अडीच तीव्रतेचा धक्का दूरच्या यंत्रांवर इतका पुसट उमटतो की केंद्रबिंदू काही किलोमीटर इकडेतिकडे होणे सहज शक्य असते. एवढ्याशा धक्क्यात गावाचे नाव चुकले, तर खदानही चुकते.

आणखी एक फरक आपल्या अंगालाही कळतो. जवळच्या ब्लास्टमध्ये जमिनीचा धक्का आणि हवेतला दणका असे दोन भाग असतात. खिडक्या जास्त वाजतात त्या दुसऱ्यामुळे. सगळा खेळ एक-दोन सेकंदांत आटोपतो. दूरचा मोठा भूकंप आवाज न करता येतो आणि लांबतो. 4 डिसेंबर 2024 च्या सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत लोकांना तो जाणवला. तो सकाळचा होता, त्यात दणका नव्हता आणि जाणवला तो वरच्या मजल्यांवर अधिक. पंखा डोलला, बादलीतले पाणी हेलकावले. कन्हानमध्ये त्या सकाळी ज्यांनी "ब्लास्टिंग" म्हणून चादर पुन्हा डोक्यावर घेतली असेल, त्यांच्यासाठी पुढची पाने आहेत.

खदानींच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. ब्लास्टमध्ये सगळी भोके एकदम उडवत नाहीत. त्यांच्यात काही मिलिसेकंदांचे अंतर ठेवतात, म्हणजे एका क्षणी फुटणारी बारूद कमी राहते आणि जमिनीला बसणारा हिसकाही कमी होतो. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने 1997 मध्ये घालून दिलेल्या मर्यादा आजही संदर्भासाठी वापरतात. खाणीच्या मालकीची नसलेली साधी घरे असतील, तर कमी कंप्रतेच्या लाटांसाठी जमिनीच्या कणांचा वेग सेकंदाला 5 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे त्यांत म्हटले आहे. हा आकडा कन्हान-पिपरीच्या प्रत्येक नागरिकाला ठाऊक असायला हवा. "आमचं घर हलतं" या तक्रारीला खाणीचा साहेब उत्तर देईल किंवा देणार नाही. "आमच्या घरापाशी किती मिलिमीटर आले, ते दाखवा" या प्रश्नाला मात्र कागद काढावाच लागतो.

आता भिंतीवरच्या भेगांकडे येऊ, कारण वाद शेवटी तिथेच येऊन पोहोचतो. कन्हानच्या घरातल्या भेगेचे तीन आरोपी असतात. एक ब्लास्ट. दुसरी काळी माती, जी पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आक्रसते आणि उथळ पायाला दरवर्षी वर-खाली करते. तिसरा मिस्त्री. त्याच्यावर मात्र कोणी आरोप ठेवत नाही, कारण तो बहुधा नात्यातला किंवा ओळखीचा असतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढणारी भेग, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी उतरणारी भेग, प्लास्टरवरचे केसासारखे जाळे या तिन्हींचे अर्थ वेगळे. पण एकदा पाहून कोणीही खात्रीने बोलू नये. जुने मिस्त्री एक युक्ती करत, ती आजही चालते. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवून तिची दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला चिकटवायची आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहायची. भेग जिथे संपते तिथेही आडवी रेघ मारून तारीख टाकायची. भेग मेलेली असेल तर काच शाबूत राहते, जिवंत असेल तर काच तडकते. ती ब्लास्टच्या दुपारी तडकली की जूनच्या पहिल्या पावसानंतर, एवढे कळले तरी आरोपींपैकी एक सुटतो. भरपाईच्या अर्जाला जोडायला मोबाइलवरच्या शंभर फोटोंपेक्षा तारखेची ही एक काच जास्त कामाची.

इथवर लहान धक्क्यांचे झाले. मोठ्याबद्दल बोलायला लागले की कन्हानचा माणूस दोन गोष्टी हमखास ऐकवतो. पहिली, नागपूर भूकंपाच्या पट्ट्यात येत नाही. दुसरी, लहान धक्के येतात ते बरेच, पोटातला दाब निघून जातो.

पहिलीत अर्धे सत्य आहे. 2002 च्या भूकंप नकाशात नागपूर झोन दोनमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. त्यामुळे गुवाहाटी किंवा भुजच्या माणसासारखी धास्ती घेऊन इथे जगायचे कारण नाही, हे मी निःसंकोच लिहितो. पण 1993 मध्ये किल्लारी कुठल्या पट्ट्यात होती? त्या वेळी नकाशात झोन एकही होता, सर्वांत निर्धास्त, आणि किल्लारी त्यात होती. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या त्या निर्धास्त पट्ट्यात 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून लोक झोपले होते. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. किल्लारी पुढे झोन तीनमध्ये गेली आणि झोन एक नकाशातूनच काढून टाकला. मेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता.

किल्लारीत आधी लहान धक्केही येऊन गेले होते. ऑगस्ट ते ऑक्टोबर 1992 या काळात तिथे शंभराहून अधिक हादरे बसले, ऑक्टोबरातला एक चांगलाच जोराचा होता. नंतर सारे शांत झाले, आणि वर्षभराने ती पहाट आली. म्हणून दाब निघून जातो ही दुसरी समजूत मुळातच मोडून टाकायला हवी. तीव्रतेचा एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट वाढते. अडीचचा धक्का आणि 6.2 चा भूकंप यांत ऊर्जेचा फरक साडेतीन लाख पटींच्या घरात जातो. अडीचच्या धक्क्यांनी तेवढा दाब रिकामा व्हायचा तर ते पिढ्यान्‌पिढ्या, रात्रंदिवस यावे लागतील. उलट बाजूही तितकीच खरी: लहान धक्के आले म्हणून मोठा येणारच, असेही नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची रांग लागली, लोक महिनोन्‌महिने थंडीत तंबूंत झोपले, आणि किल्लारीसारखा भूकंप तिथे झाला नाही. कोयनेला 1967 नंतर धक्के थांबलेलेच नाहीत. लहान धक्का काही कबूल करत नाही आणि काही नाकारतही नाही. ज्याला तो हमी वाटतो आणि ज्याला तो इशारा वाटतो, ते दोघेही त्याच्याकडून नको तेवढे ऐकून घेतात.

कन्हानला खरा शेजारी लातूर नाही, जबलपूर आहे. सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत, सातपुड्याच्या पलीकडे नर्मदेची भेग आहे. 22 मे 1997 रोजी जबलपूरला 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि चाळीसच्या आसपास माणसे गेली. नागपुरातही तो जाणवला होता. पन्नाशीच्या पुढची मंडळी आजही ती पहाट सांगतात. त्याच पट्ट्यात मार्च 1938 मध्ये खंडवा-बऱ्हाणपूरच्या बाजूला सहाच्या वरचा भूकंप होऊन गेला आहे. म्हणजे कन्हानच्या पायाखालची जमीन गरीब असली, तरी उत्तरेकडच्या शेजाऱ्याचा स्वभाव तसा नाही. आणि नदीकाठच्या सैल, ओल्या रेतीवर बांधलेल्या घराला लांबून आलेली लाटही खडकावरच्या घरापेक्षा जास्त हलवते. कन्हानची रेती नागपुरातल्या कित्येक स्लॅबांत गेली आहे. ती काँक्रीटमध्ये उत्तम, पायाखाली नव्हे.

एक योगायोग नोंदवतो. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला. जबलपूरचाही पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनीच. किल्लारी 3 वाजून 56 मिनिटांनी. यात कसलाही नियम शोधू नका. मुलुगू सकाळी साडेसातच्या सुमारास हलले आणि भुज 2001 मध्ये पावणेनऊला. पण महाराष्ट्राला ज्या दोन भूकंपांनी सर्वांत जास्त माणसे गमवायला लावली ते दोन्ही, आणि आपल्या शेजारचाही, लोक गाढ झोपेत असताना आले. दुपारच्या हादऱ्यावर गप्पा मारणाऱ्या गावाने म्हणून आधी रात्रीच्या अंथरुणाचा विचार करावा. या पुस्तिकेतला सर्वांत लांब भाग त्यामुळेच झोपायच्या खोलीवर आहे.

कन्हानमधली कोणतीही झोपायची खोली घ्या. एप्रिल लागला की खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर चढतो आणि त्याच्या झोताखाली यावा म्हणून दिवाण नेमका खिडकीला लावतात. पाण्याने भरलेला कूलर एकट्याने हलत नाही, हे तो दरवर्षी चढवणाऱ्याला माहीत असते; स्टँडचे चार नटबोल्ट गेल्या वर्षीच्या गंजावरच उभे आहेत, हे मात्र कोणी पाहत नाही. पायथ्याशी लोखंडी कपाट, त्यावर सुटकेस, सुटकेसवर लग्नातल्या भांड्यांची पेटी. डोक्याच्या वर सज्जा आणि सज्ज्यावर गाद्या, मिक्सरचे खोके, जुना टीव्ही. टिनाचे छप्पर असेल तर वादळात उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवलेले असतात. कवेलूचे असेल तर कवेलू सुटेच. स्लॅब असेल तर वर हजार लिटरची टाकी, म्हणजे भरल्यावर एक टन वजन, चार विटांच्या ओट्यावर, आणि तेही बरोबर झोपायच्या खोलीवर, कारण संडास-बाथरूम शेजारीच असते. आणि उकाड्यात गच्चीवर अंथरूण टाकले तरी ते टाकीच्या किंवा चार इंची कठड्याच्या आडोशालाच असते.

यातले बहुतेक सगळे एका रविवारी, जवळपास फुकटात दुरुस्त होते. कपाटाला वरच्या बाजूने दोन लोखंडी पट्ट्या मारून ते भिंतीला बांधता येते, पेटी खाली येते, दिवाण दोन हात सरकवता येतो, दगडांच्या जागी टिनाला हुक-बोल्ट लावता येतात. मग गॅसचे बटण घरातल्या लहान मुलालाही बंद करता यावे. टॉर्च, चपला, आधार कार्डाच्या प्रती, औषधे आणि थोडी रोकड एका पिशवीत उशाशी असावी. ही पिशवी भूकंपासाठी म्हणून ठेवायला मन धजत नसेल, तर पुरासाठी ठेवा. ऑगस्ट 2020 मध्ये कन्हान आणि पेंच नद्यांनी एका रात्रीत काय केले, ते काठच्या गावांना सांगायला नको.

घर बांधणाऱ्यांसाठी मात्र मी थोडा कडक बोलणार आहे. आपल्याकडे घर एकदम बांधत नाहीत. आधी खाली दोन खोल्या, मग पोराच्या लग्नाआधी वर दोन, मग रस्त्याकडे दुकान काढण्यासाठी खालची भिंत तोडून शटर. प्रत्येक वेळी मिस्त्री म्हणतो, "काही होत नाही, पक्कं काम आहे." किल्लारीत भूकंपापेक्षा घरांनी माणसे मारली. मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाड दगडी भिंती आणि लाकडावर तोललेले मातीचे जड धाबे झोपलेल्यांवर आले. आपल्या भिंती विटांच्या आहेत, पण चार भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारे काही नसेल तर त्याही हादऱ्यात आपापल्या दिशेने सुटतात. उपाय साधा आहे. दाराच्या वर मिस्त्री लिंटेल टाकतोच. ते दारापुरते न तोडता घराच्या सगळ्या भिंतींवरून फिरवून आणले, आत दोन सळया कोपऱ्यातून वळवून सलग ठेवल्या, की तीन इंच जाडीची ती पट्टी सगळे घर एकत्र धरते. जोत्याला आणि छताखालीही तशी असावी, कोपऱ्यांत उभी सळई असावी. कॉलमचे घर असेल तर रिंगा जवळजवळ असाव्यात आणि त्यांची टोके काँक्रीटच्या आत वळवलेली असावीत, म्हणजे ताणात त्या उघडत नाहीत. किल्लारीनंतर मराठवाड्यात हजारो घरे अशीच बांधली आणि जुनी दगडी घरेही भिंतीत आरपार दगड घालून मजबूत केली. ती विद्या आपल्याच राज्यात आहे. आपल्या ठेकेदाराला ती विचारायचा संकोच तेवढा सोडायला हवा. टाइल्सचा रंग निवडायला घरातली चार माणसे जातात, सळई वाकवताना एकही उभा नसतो.

हादरा सुरू झाल्यावर पळावे की थांबावे, यावर पुढे एक पूर्ण प्रकरण आहे. इथे एवढेच की पळण्यालाही जीव जाण्याचा धोका असतो. 1 फेब्रुवारी 2019 ला डहाणू तालुक्यात 4.1 चा धक्का बसला तेव्हा धावपळीत पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्यावर घर कोसळले नव्हते. दार दोन पावलांवर असेल आणि बाहेर मोकळे अंगण असेल तर बाहेर जा. नाहीतर दिवाणाच्या कडेला किंवा मजबूत टेबलाखाली बसा, डोके हातांनी झाका आणि हलणे थांबेपर्यंत थांबा. विजेच्या तारांनी आणि टिनांनी भरलेली अरुंद गल्ली घरापेक्षा सुरक्षित असेलच असे नाही. आपली गल्ली कशी आहे, हे आज दिवसाउजेडी पाहून ठरवावे.

राहिला मे 2024 चा प्रश्न: ते ब्लास्ट होते की भूकंप? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात आहे, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालयही नागपुरात आहे. एकाकडे जमीन वाचण्याची विद्या, दुसऱ्याकडे प्रत्येक ब्लास्टची वेळ, बारुदीचे वजन आणि भोकांची संख्या. दोन्ही नोंदी एका टेबलावर ठेवल्या तर असे प्रश्न त्याच आठवड्यात सुटतील. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. कन्हान-पिपरी नगर परिषदेच्या आणि आसपासच्या ग्रामपंचायतींच्या पुढच्या सभेत एकच मागणी करा: रोजच्या ब्लास्टिंगची वेळ आणि गावाच्या हद्दीवर मोजलेले मिलिमीटर रोज फलकावर लागले पाहिजेत. फलकावर त्या वेळी ब्लास्ट नसेल आणि तरी भांडी वाजली असतील, तर ती तारीख लिहून ठेवा आणि 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा.